आपलं वाचनालय सगळ्यांना वापरता यावं म्हणून काय काय करता येतं

माझी आई ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका वाचनालयाची पस्तीस वर्षं सभासद होती. जुनी बिल्डिंग, पहिला मजला, लिफ्ट नाही आणि जिना अरुंद, वळणाचा. गुडघे गेले तसं तिचं जाणं बंद झालं आणि मग मी तिची पुस्तकं बदलून आणायला लागले, वर्षभर चाललं असं, आणि एकदा मी विचारलं की यावेळी कुठलं आणू तर म्हणाली, "नाव माहिती असलेलं पुस्तक तू आणतेसच गं. मला नाव माहिती नसलेलं हवं असतं, ते कसं सांगू तुला?"

हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. वाचनालयात जाऊन आपण नुसतं पुस्तक आणत नाही, आपण कपाटापुढे उभं राहून चाळतो, एक ठेवतो, दुसरं काढतो, शेजारच्या बाईंनी परत केलेलं उचलून बघतो. ज्याला आत येता येत नाही किंवा आत येऊनही कपाटापर्यंत पोचता येत नाही त्याचं हे चाळणंच जातं. घरपोच सेवा चांगलीच आहे पण तिने हे भरून येत नाही.

मी स्वतः गेली काही वर्षं ठाण्यातच दुसऱ्या एका छोट्या वाचनालयात रविवारी मदतीला जाते. तिथे हळूहळू आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे दुसऱ्यांकडून शिकलो ते इथे लिहितेय, म्हणजे तुमच्या वाचनालयात तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करायला नको.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. युनिव्हर्सल डिझाइन, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल अशी रचना, हा अपंगांसाठी वेगळा कोपरा नव्हे. रोनाल्ड मेस नावाचे एक अमेरिकन आर्किटेक्ट होते, लहानपणी पोलिओ झालेला, स्वतः व्हीलचेअर वापरायचे, त्यांनी हा शब्द रुजवला आणि १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सात तत्त्वं मांडली. सगळी पाठ करायची गरज नाही, त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की शक्य तिथे सगळ्यांना एकच दार, एकच टेबल, एकच यादी असावी आणि तीच सगळ्यांना वापरता यावी. रॅम्प केला की व्हीलचेअरवाला येतो, पण बाबागाडी घेऊन आलेली आईही येते, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला कॉलेजचा मुलगाही येतो आणि पुस्तकांचे गठ्ठे ढकलत आणणारा आपला शिपाईसुद्धा तिथूनच येतो. मागच्या दाराने, मोरीजवळून, "त्यांच्यासाठी" असा वेगळा रस्ता काढला की माणूस एकदा येतो, परत येत नाही.

सुरुवात कशी करायची

एक टेप, एक वही आणि एक दुपार लागते. पैसे नाहीत. गेटच्या बाहेर रिक्षा जिथे सोडते तिथून सुरू करा आणि पुस्तक घेऊन परत रिक्षात बसेपर्यंत प्रत्येक पाऊल लिहून काढा. फुटपाथला उतार आहे का, पेव्हर ब्लॉक उखडलेत का, गेटसमोर बाइक लागतात का, पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, दार किती रुंद, चपला कुठे काढायला लावता (हे फार जण विसरतात, दारात पसरलेल्या चपला म्हणजे काठीवाल्या माणसासाठी सापळाच), काउंटर किती उंच, कपाटांमधली वाट किती, पंखा-लाइटचं बटण कुठे, पाण्याचा फिल्टर कुठे, संडास कुठे.

आणि हे एकट्याने करू नका. सर्जिकल सामानाच्या दुकानात व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती आणून स्वतः बसून फिरून बघितलंत तर रुंदीचा अंदाज येईल, पण दहा मिनिटं बसल्याने रोजचं जगणं कळत नाही. त्यामुळे रोज व्हीलचेअर वापरणारं कोणीतरी, दिसत नसलेलं कोणीतरी, कमी ऐकू येणारं कोणीतरी आणि एक सत्तरीच्या पुढचे आजोबा किंवा आजी असे चार जण बोलवा, चहा द्या आणि त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागून वही घेऊन. ओळखीत कोणी नसेल तर तुमच्या भागातल्या विशेष शाळेत विचारा. नवी मुंबईत अपंगांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठी महापालिकेचं वाशीचं ईटीसी केंद्र आहे. वरळीला अंधांसाठी काम करणाऱ्या नॅबचं ऑफिस आहे, वांद्र्याला श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बोलावलेल्या माणसांना जाण्यायेण्याचं भाडं द्या, त्यांचा वेळ फुकटचा नाही.

पायऱ्या आणि रॅम्प

रॅम्पचं गणित सोपं आहे आणि तेच सगळ्यात जास्त चुकतं. प्रमाण एकास बारा, म्हणजे जेवढी उंची चढायची त्याच्या बारापट लांबी. एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर १.८ मीटर, तीन पायऱ्या असतील तर ५.४ मीटर. ठाण्यात आणि नवी मुंबईतही पाणी साचतं म्हणून प्लिंथ, म्हणजे बिल्डिंगचं जोतं, उंच घेतलेली असते, चार पायऱ्या म्हणजे ६० सेंटीमीटर, तिथे ७.२ मीटरचा रॅम्प आला. एवढी सरळ जागा नसते, मग इंग्रजी एल किंवा यू सारखा वळवायचा, वळणावर सपाट टप्पा द्यायचा, दोन्ही बाजूंनी कठडा. कंत्राटदार सांगतो "ताई, बसवतो मी दोन मीटरमध्ये", त्याचं ऐकू नका. आमच्या इथे पहिला रॅम्प असाच झाला होता आणि त्यावरून बाइक मस्त चढायची पण व्हीलचेअर चढवताना मागून दोन माणसं लागायची आणि उतरताना जीव मुठीत. शेवटी तोडून परत बांधला, पैसे दुप्पट गेले. एखादीच पायरी असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा फोल्डिंग रॅम्प मिळतो, पण तो रोज सकाळी उघडून ठेवायचा, मागितल्यावर कपाटातून काढायचा नाही.

कठडा दोन उंचींवर असावा, साधारण ७५ आणि ९० सेंटीमीटर, खालचा लहान मुलं आणि बुटक्या माणसांसाठी. गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा पॉलिशचा कडप्पा रॅम्पला लावू नका, जुलैमध्ये ओल्या चपलेने त्यावर काय होतं ते सगळ्यांना माहितीये. पायऱ्या राहणारच असतील तर प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी खरखरीत पट्टी चिकटवा, काही शे रुपयांचं काम आहे आणि मोतीबिंदूवाल्यांना पायरी कुठे संपते ते कळतं.

आता पहिल्या मजल्याचा प्रश्न. ठाण्यात वाचनालयाची परंपरा जुनी, मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे, आणि गावातली कितीतरी छोटी वाचनालयं जुन्या बिल्डिंगमध्ये जिना चढून आहेत. लिफ्ट बसवणं सगळ्यांना जमणार नाही. तोपर्यंत दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे खाली, सोसायटीची परवानगी काढून, किंवा शेजारच्या दुकानदाराशी बोलून एक रॅक ठेवायची आणि त्यात मागवलेली पुस्तकं नव्हे, तर आपण निवडलेली शंभर-दीडशे पुस्तकं दर महिन्याला बदलून ठेवायची, म्हणजे चाळता येतं. दुसरं म्हणजे व्हिडिओ कॉल. मी आईसाठी हेच केलं. फोन हातात धरून कपाटासमोरून हळूहळू सरकायचं, एकेका पुस्तकाची पाठ दाखवायची, ती म्हणते थांब, हे काढ, मागचं वाच. पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी तिने कवितेचं एक पुस्तक काढायला लावलं, जे मी जन्मात आणलं नसतं. आम्ही आमच्या वाचनालयातही आता बुधवारी दुपारी हे करतो, अंथरुणावर असलेले दोन सभासद त्यातून निवडतात.

आत आल्यावर

दाराची रुंदी ९० सेंटीमीटर हवी. कपाटांमधली वाटही किमान तेवढी, आणि व्हीलचेअर वळवायला कुठेतरी दीड मीटर बाय दीड मीटरची मोकळी जागा. इथे लोक म्हणतात जागाच नाही. खरंय, जागा नसते. पण आमच्याकडे मोजायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की वाट अडली होती ती पुस्तकांनी नाही, दिवाळी अंकांच्या जुन्या गठ्ठ्यांनी आणि मोडक्या खुर्च्यांनी. ते काढल्यावर दोन ओळींमधली वाट आपोआप मोठी झाली.

बसून हात पोचतो तो साधारण जमिनीपासून ४० ते १२० सेंटीमीटरपर्यंत. जास्त मागणीची पुस्तकं, मोठ्या टाइपची, नवीन आलेली, ती या पट्ट्यात ठेवा, कमी फिरणारी वर आणि अगदी खाली. यात आजीलाही वाकायला लागत नाही. स्टीलच्या कुलूपबंद कपाटातून चिठ्ठी देऊन पुस्तक मागवायची पद्धत तुमच्याकडे अजून असेल तर निदान एक भाग तरी उघडा करा.

टेबलाखाली गुडघे जायला ७० सेंटीमीटर मोकळं हवं आणि मध्ये आडवी फळी नको. सगळी टेबलं बदलायला नकोत, प्रत्येक ओळीत एक, आणि त्या टेबलाची खुर्ची काढून ठेवा म्हणजे आलेल्या माणसाला "जरा ही खुर्ची हलवता का" विचारायला लागणार नाही. काउंटरचा एक भाग ७५-८० सेंटीमीटरपर्यंत खाली घ्या. एरवी व्हीलचेअरवरचा माणूस आणि ग्रंथपाल यांच्यात लाकडाची भिंत उभी राहते आणि मग ग्रंथपाल बरोबर आलेल्या माणसाशी बोलतात, "यांना काय हवंय?" असं. त्यांनाच विचारा की.

लाइटबद्दल थोडंच सांगते. खिडकीकडे तोंड करून ग्रंथपाल बसले की त्यांचा चेहरा उजळतो, खिडकीकडे पाठ केली की काळा दिसतो आणि ओठ बघून समजून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. एक-दोन टेबलांवर क्लिपचा दिवा ठेवा. पाट्या लॅमिनेट करताना मॅट करा, चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट पडली की अक्षर जातं.

पाटीवर अक्षर मोठं, जाड, साधं, पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळ्यावर पांढरं. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार येतात त्यामुळे दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवायला लागतं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट आहेत आणि लांबून नीट वाचता येतात. नक्षीदार अक्षरं लग्नपत्रिकेला ठेवू. पाटीवर शब्दाबरोबर साधं चित्रही द्या, ज्यांना वाचायला जड जातं त्या मुलांना बरं पडतं.

संडासाचं लिहायला लागतंय कारण तो बहुतेक ठिकाणी रद्दी ठेवायची खोली झालेला असतो. मोकळा करा, दार बाहेर उघडणारं करा, कमोडशेजारी धरायला दांडा लावा. कुलूप लावून किल्ली शिपायाकडे ठेवू नका. सोय नाही म्हणून लोक, विशेषतः बायका, वाचनालयात तासभरसुद्धा बसत नाहीत.

यादी, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप

आता ज्यात आम्ही सगळ्यात मोठी चूक केली ते. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक यायला लागले, डायबेटिसने नजर गेलेली, पण फोन सफाईने वापरतात, टॉकबॅक लावून, म्हणजे स्क्रीनवरचं फोनच वाचून दाखवतो. मी मोठ्या हौसेने त्यांना आमच्या सहा हजार पुस्तकांच्या यादीची पीडीएफ पाठवली. त्यांनी माझ्यासमोरच उघडली आणि फोन बोलायला लागला, इंग्रजीत, एस, के, कंस, डॉलर, परत एस, अर्धविराम. ते मिनिटभर शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "ताई, यात पुस्तकं कुठेयत?"

झालं असं होतं की यादी डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. डोळ्यांना मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर मराठीचा मुखवटा. युनिकोडमध्ये टाइप केलं तरच मशीनला ते मराठी म्हणून कळतं. तुमची यादी तपासायची सोपी ट्रिक सांगते, त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर ठीक, कचरा आला तर यादी बदलायला हवी. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी कन्व्हर्टर्स आहेत, पण जोडाक्षरं चुकतात, नंतर माणसाने तपासायला लागतं. आणि एवढं करून परत पीडीएफच करू नका, कारण देवनागरी पीडीएफमध्ये गेलं की कधीकधी युनिकोड असूनही काना-मात्रा इकडेतिकडे होतात. शीट किंवा वर्ड फाइल तशीच शेअर करा.

आम्ही शीट केली तेव्हा पहिला कॉलम दाखल क्रमांकाचा ठेवला, रजिस्टरमध्ये असतो तसा. सरांनी सांगितलं की प्रत्येक ओळीला आधी पाच आकडे ऐकायला लागतात, मग पुस्तक. नाव पहिल्या कॉलममध्ये आणलं, लेखक दुसऱ्या, आकडा शेवटी. एवढ्याशा गोष्टीने त्यांचं यादी चाळणं कितीतरी पटीने वेगात व्हायला लागलं. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा हाच आहे, आपण तो ग्रंथालय दिनाला भाषणात म्हणतो, पण तो इथे कॉलममध्ये लागू होतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कार्यक्रमाचं नुसतं पोस्टर टाकू नका. ते चित्र आहे, न दिसणाऱ्याला फोन फक्त "फोटो" म्हणून सांगतो. खाली दोन ओळी टाइप करा, तारीख, वेळ, ठिकाण, पायऱ्या आहेत की नाहीत.

कॉम्प्युटर असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, टाका, फुकट आहे, मराठी वाचतो. एक हेडफोन ठेवा. पुस्तकं हवी असतील तर सुगम्य पुस्तकालय ही २०१६ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी, त्यात नजर नसलेलेच नाही तर डिस्लेक्सिया असलेलेही येतात. सभासदांना नाव नोंदवायला मदत करा, ते फॉर्म भरताना बरेच जण कंटाळून सोडून देतात.

आणि तुमच्या कपाटातलं एखादं पुस्तक कोणाला हवं असेल आणि ते कुठेच मिळत नसेल तर? स्कॅन करून, मजकूर तयार करून किंवा वाचून रेकॉर्ड करून देता येतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये बदल झाला, कलम ५२ मध्ये, त्यामुळे अपंग वाचकासाठी नफा न घेता असं रूप तयार करायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. छापील वाचता न येणाऱ्यांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत तर पहिलाच देश. फक्त ती फाइल सगळ्या ग्रुपवर फिरवायची नाही, ज्याला गरज आहे त्यालाच द्यायची, यात हयगय नको.

ऐकू न येणारे वाचक आणि गोंधळ नको असणारे

काउंटरवर एक पाटी-पेन ठेवा, किंवा फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब, त्यात मराठी बोललेलं लिहून येतं. पण एक लक्षात ठेवा, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बऱ्याच जणांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, तिचं व्याकरण मराठीसारखं नाही, त्यामुळे "लिहून दिलं तरी कळत नाही यांना" असं म्हणू नका, छोटी वाक्यं लिहा. लेखक-भेटीसारख्या कार्यक्रमाला वर्षातून दोनदा तरी दुभाषी बोलवा आणि त्यांच्यावर लाइट पडेल असं उभं करा.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या आया मला सांगतात की त्यांना वाचनालयात यायची भीती वाटते, मूल ओरडलं तर लोक बघतात. आठवड्यातला एक तास ठरवा, ज्यात मोठा पंखा बंद, मायकवरच्या सूचना बंद, आवाज झाला तरी कोणी शुक्क करणार नाही, आणि ते दारावर लिहा. इथे स्टाफशी आधी बोलून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. तसंच दिसत नसलेल्या माणसाचा हात धरून ओढायचं नाही, आधी विचारायचं, तो आपलं कोपर धरेल, आपण अर्धं पाऊल पुढे. दिव्यांग म्हणायचं की अपंग यावर वाद घालत बसण्यापेक्षा नाव विचारा आणि नावाने हाक मारा.

कमिटीला कसं पटवायचं

कार्यवाह विचारतातच, "असे सभासद आहेत किती आपल्याकडे?" नाहीत, कारण येता येत नाही. हे शांतपणे सांगा, आणि ज्यांची वर्गणी गेल्या तीन वर्षांत बंद झाली त्या साठीच्या पुढच्या सभासदांना फोन करून कारण विचारा. आमच्याकडे त्या फोनांनीच काम झालं, गुडघे आणि डोळे हेच पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं.

कायद्याचंही सांगा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे आणि लोक वापरतात त्या इमारती, सरकारी असोत की खासगी, सुगम, म्हणजे सगळ्यांना वापरता येतील अशा, करायला सांगितल्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की सुगमतेचे नियम नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक असायला हवेत. पैशासाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारा, नगरसेवकाला भेटा, पण त्याची वाट बघत पिवळी पट्टी आणि शीट अडवून ठेवू नका. आणि कमिटीत एक जागा अशा वाचकाला द्या, मत मांडायचा आणि मत द्यायचा अधिकार असलेली.

झालेलं टिकवायला कोणाच्या तरी नावावर काम हवं. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते शिक्षक, मी आणि शिपाईदादा गेटपासून एक फेरी मारतो. गेल्या वेळी रॅम्पच्या तोंडाशी दोन स्कूटर लागलेल्या, संडासात परत रद्दीची तीन पोती, आणि मोठ्या टाइपच्या पुस्तकांवर कोणीतरी शब्दकोश आडवे ठेवलेले. स्कूटर हलवल्या, पोती त्याच दिवशी रद्दीवाल्याला दिली, शब्दकोश वरच्या फळीवर गेले. पुढच्या फेरीला खालच्या रॅकमधली पुस्तकं बदलायचीत.